हँडल मारणं बंद करणारा माणूस: चार्ल्स केटरिंग आणि जंप-स्टार्टमागचं गणित

गाडीचं बटण दाबलं, आतून नुसता ‘टक् टक्’ आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, की आपण सगळ्यात आधी मोबाईल काढतो आणि जंप-स्टार्ट कसं करायचं ते सर्च करतो. व्हिडिओ ढिगाने आहेत. लाल केबल इथे, काळी तिथे, विषय संपला. पण शेवटचा काळा चिमटा बॅटरीला न लावता इंजिनच्या लोखंडाला का लावायचा? बॅगेतल्या पॉवर बँकेने गाडी का सुरू होत नाही? गाडीला मुळात बॅटरी लागतेच कशाला, पेट्रोल आहे ना? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाच्या कामात सापडतात, म्हणून आज त्याची गोष्ट. नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. जन्म २९ ऑगस्ट १८७६, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर.

आधीच सांगून ठेवतो, हा माणूस सरळसोट हिरो नाही. त्याने गाडी सुरू करणं सोपं आणि सुरक्षित केलं, आणि त्याच्याच प्रयोगशाळेतून जगभरच्या हवेत शिसं गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्ही सांगायच्या आहेत.

डोळे साथ देईनात

केटरिंगचा पहिला शत्रू म्हणजे त्याचे स्वतःचे डोळे. थोडं वाचलं तरी डोकं दुखायचं. शाळा संपल्यावर त्याने गावाकडच्या शाळेत शिकवलं, मग कॉलेजात गेला, पण डोळ्यांपायी शिक्षण मध्येच सोडावं लागलं. मग काय केलं, तर टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ताणायच्या. पुढे त्या टोळीचा मुकादम झाला. मोकळ्या हवेत डोळ्यांना आराम मिळाला आणि विजेशी हाताने ओळख झाली. त्याच भागात ऑलिव्ह विल्यम्स भेटली, जिच्याशी १९०५ मध्ये त्याने लग्न केलं.

तब्येत सुधारल्यावर तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत परतला. मित्र पुस्तकं मोठ्याने वाचायचे आणि हा ऐकून अभ्यास करायचा. १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळाली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आपल्याकडे एक वर्ष गॅप पडली की नातेवाईक लग्नाच्या पंगतीत चौकशी करतात, म्हणून हे वय मुद्दाम सांगितलं.

गल्ल्याचं हँडल

पदवीनंतर लगेच डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. दुकानातले गल्ल्याचे मशीन बनवणारी ही कंपनी. तेव्हाच्या मशीनला बाजूला हँडल असायचं. आकडे दाबायचे, हँडल फिरवायचं, मग घंटी वाजून खण उघडायचा. दिवसभरात शेकडो वेळा. हे काम विजेवर करायचं असं केटरिंगला सांगण्यात आलं.

अडचण अशी होती की हे हँडल फिरवायला चांगलाच जोर लागतो. तेवढा जोर देणारी मोटर पुस्तकातल्या हिशोबाने निवडली, तर ती गल्ल्यापेक्षा मोठी व्हायची. इथे केटरिंगने जो विचार केला, तो या लेखाचा गाभा आहे. मोटरवर जी क्षमता लिहिलेली असते ती तासन्‌तास चालवण्यासाठीची असते. त्यापेक्षा जास्त काम घेतलं तर मोटर तापते आणि जळते. पण तापायला वेळ लागतो! गल्ल्याचं हँडल तर एक-दोन सेकंदच फिरवायचं आहे. मग छोटी मोटर घ्या, तिच्याकडून क्षणभर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट काम करून घ्या आणि ती तापायच्या आत बंद करा. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती निवांत थंड होते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरच्या बाबतीत आज हेच करतो. कायमचा मोठा सर्व्हर भाड्याने घ्यायचा नाही, गर्दी होईल तेवढ्या वेळापुरती क्षमता वाढवायची. केटरिंगने ते १९०६ च्या सुमारास तांब्याच्या तारांवर करून दाखवलं आणि विजेवर चालणारा गल्ला बाजारात आला.

मोडलेली मनगटं

आता गाडीकडे येऊ. १९१० च्या आसपास पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभं राहून हँडल मारायचं. आपल्याकडे जुन्या जीप आणि ट्रकला हँडल मारलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते दृश्य लगेच आठवेल. इंजिन स्वतःहून पहिला फेरा घेऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढायचं, दाबायचं, मग ठिणगी, मग स्फोट. पहिला स्फोट होईपर्यंत बाहेरून कोणीतरी इंजिन फिरवावं लागतं.

धोका ठिणगीच्या वेळेत होता. ठिणगी जरा लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट व्हायचा आणि इंजिन उलटं फिरायचं. त्याबरोबर हातातलं हँडलही. मनगट मोडणं, हाताचं हाड मोडणं, जबड्यावर फटका बसणं, हे सगळं नेहमीचं होतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दुसऱ्या बाजूने वळवून मूठ मारायची नाही, असं नव्या ड्रायव्हरला शिकवायचे. उलटा झटका बसला तर निदान अंगठा सुटावा.

कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड याचा मित्र आणि कार्टरकार या गाडीचा निर्माता बायरन कार्टर १९०८ मध्ये वारला. अशाच हँडलने जबडा मोडून पुढे दुखणं वाढत गेलं, अशी कथा कॅडिलॅकच्या इतिहासात वर्षानुवर्षं सांगितली जाते. कथेच्या तपशिलांवर वाद आहेत. पण लेलँडला हे हँडल आपल्या गाडीवरून घालवायचं होतं, यावर वाद नाही.

लेलँड आणि केटरिंगची ओळख आधीच झाली होती. नोकरी करता करता केटरिंग रात्री आणि सुट्टीच्या दिवशी एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात गाडीच्या इग्निशनवर काम करायचा. सोबत कंपनीतलेच काही मित्र. या टोळक्याचं नावच पुढे ‘बार्न गँग’ पडलं, म्हणजे आपल्या भाषेत गोठ्यातली गँग. त्यांची इग्निशन लेलँडला आवडली आणि त्याने ८,००० संचांची ऑर्डर दिली. १९०९ मध्ये केटरिंगने नोकरी सोडली आणि कंपनी काढली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून झालं डेल्को. गॅरेजमधून सुरू झालेल्या कंपन्यांचं आपल्याला फार कौतुक असतं, त्यांच्या कितीतरी आधीची ही कोठारातली कंपनी.

इंजिन सुरू करायला विजेची मोटर वापरायची ही कल्पना केटरिंगच्या आधीही लोकांना सुचली होती. पण हिशोब नेहमी तिथेच अडायचा. इंजिन फिरवायला एवढी ताकद लागते, तेवढी ताकद सतत देणारी मोटर म्हणजे भलं मोठं धूड, तिला पुरेल अशी बॅटरी म्हणजे आणखी एक धूड. केटरिंगने गल्ल्याचाच हिशोब इकडे आणला. मोटर सतत चालवायची नाहीये. दोन-चार सेकंद फिरवा, इंजिनने जीव धरला की सोडून द्या.

त्यावर त्याने दुसरी गंमत केली. इंजिन सुरू झालं की तीच मोटर उलट कामाला लावली. आता इंजिन तिला फिरवतं आणि ती जनरेटर बनून बॅटरी पुन्हा भरते. एकच यंत्र सुरुवातीला बॅटरीतून घेतं आणि नंतर परत देतं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सुरू करताना बॅटऱ्या एकामागोमाग एक जोडून २४ व्होल्ट मिळायचे आणि चार्ज करताना व दिव्यांसाठी त्याच बॅटऱ्या ६ व्होल्टवर चालायच्या. इंजिनने वेग घेतला की मोटर त्याच्याबरोबर फरफटत जाऊन फुटू नये म्हणून एका दिशेलाच पकडणारा क्लच होता. स्टार्टर, दिवे आणि इग्निशन, तिन्ही एकाच व्यवस्थेत.

फेब्रुवारी १९११ मध्ये स्टार्टर बसवलेली गाडी तयार झाली आणि १९१२ चं कॅडिलॅक मॉडेल हँडलशिवाय सुरू होणारी गाडी म्हणून विकलं गेलं. पेटंटचा अर्ज जून १९११ चा, पेटंट मिळालं ऑगस्ट १९१५ मध्ये. या कामासाठी कॅडिलॅकला ब्रिटनमधली मानाची ड्युअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली.

पॉवर बँक का चालत नाही

आता त्या तीन प्रश्नांकडे. गाडीला बॅटरी लागते ती केटरिंगच्या त्या दोन-चार सेकंदांसाठी. बाकी दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम वगैरे नंतर गोळा झालेली मंडळी आहेत.

आकडे बघा. आजच्या छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरताना साधारण १५० अँपिअर करंट ओढतो असं धरू. १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॅट. तुमचा साधा मोबाईल चार्जर ५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा, म्हणजे १० वॅट. आता हे १,८०० वॅट फक्त दोन सेकंद लागतात असं धरलं तर एकूण ऊर्जा झाली ३,६०० ज्यूल, म्हणजे बरोबर १ वॅट-अवर. आणि १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत असतात सुमारे ३७ वॅट-अवर! ऊर्जा भरपूर आहे, गाडी तीसेक वेळा सुरू होईल एवढी. फक्त ती एवढ्या झपाट्याने बाहेर काढता येत नाही. टाकी मोठी, पण नळ बारीक. बाजारात जे खास जंप-स्टार्टर पॅक मिळतात, त्यांची टाकी छोटीच असते. नळ जाड असतो, एवढाच फरक.

गाडीची बॅटरी ‘उतरते’ म्हणजे काय होतं, तेही यातून कळतं. चांगली चार्ज झालेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. रात्रभर आतला दिवा चालू राहिला, तर ती १२ च्या खाली येते. दिवे लागतात, स्क्रीन लागते, म्हणून आपल्याला वाटतं बॅटरी ठीक आहे. पण स्टार्टरने १५० अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं. स्टार्टरचा सोलेनॉइड आत ओढला जातो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. तोच तो ‘टक् टक्’ आवाज.

मग जंप-स्टार्ट. दुसऱ्या गाडीची बॅटरी काही मिनिटं उसनी घ्यायची. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात, एकमेकींना टेकलेल्या नकोत, दोन्ही बंद, गिअर न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये) आणि हँडब्रेक ओढलेला. आधी बॅटरी नीट बघा. तडा गेलाय, फुगलीय, आतून काही गळतंय असं दिसलं तर केबल लावूच नका. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या, रंग नसलेल्या जाड लोखंडी भागाला, बॅटरीपासून शक्य तितका लांब.

लांब का? शिसं आणि आम्लाच्या बॅटरीतून, विशेषतः ती चार्ज होताना, हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. शेवटचा चिमटा लावताना सर्किट पूर्ण होतं आणि ठिणगी तिथेच पडते. ती बॅटरीच्या तोंडाशी पडली तर बॅटरी फुटून आम्ल थेट चेहऱ्यावर येऊ शकतं. ठिणगी टाळता येत नाही म्हणून तिची जागा बदलायची, एवढीच यातली युक्ती. गाडीची बॉडी आणि इंजिन मायनसला जोडलेलं असतं, त्यामुळे करंटला काही फरक पडत नाही. केबल लावताना किंवा काढताना बॅटरीवर वाकून बघू नका, आणि जवळ सिगारेट तर अजिबात नको.

मग चांगली गाडी सुरू करा, काही मिनिटं चालू ठेवा, नंतर बंद पडलेली सुरू करून बघा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये थोडं थांबा. कारण मोटर ‘तापायच्या आत बंद करायची’ हा केटरिंगचा करार अजून लागू आहे! सुरू झाली की केबल उलट क्रमाने काढा: आधी इंजिनवरचा काळा, मग चांगल्या गाडीचा काळा, मग तिचा लाल, शेवटी आपला लाल. चिमटे एकमेकांना लागू देऊ नका. काही गाड्यांची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि बॉनेटखाली वेगळी टोकं दिलेली असतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे आहेत, म्हणून त्यांचं मॅन्युअल आधी उघडा. जाड नारिंगी केबलला तर हातच लावू नका, ती हाय-व्होल्टेजची असते.

गाडी सुरू झाली, पण थोड्या अंतरावर पुन्हा बंद पडली, तर संशय बॅटरीऐवजी अल्टरनेटरवर घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. म्हणजे केटरिंगच्या यंत्राचा ‘परत देणारा’ अर्धा भाग काम करतोय की नाही ते बघायचं. पुढच्या काळात हे दोन भाग वेगळे झाले, स्टार्टर वेगळा आणि अल्टरनेटर वेगळा. आता माइल्ड हायब्रिडमध्ये ते पुन्हा एकत्र आलेत. मारुतीच्या सियाझमध्ये २०१५ मध्ये जो इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर आला, त्याची मूळ कल्पना १९१२ च्या कॅडिलॅकमध्येच होती.

हँडल गेलं, मग धक्का

हँडल एकदम नाहीसं झालं नाही. फोर्डच्या मॉडेल टीला १९१९ पर्यंत स्टार्टर नव्हता, आणि स्टार्टर आल्यावरही कितीतरी गाड्यांत ‘असू दे’ म्हणून हँडलची सोय ठेवली जायची. आज ती सोय संपली आहे. स्टार्टर मेला तर मॅन्युअल गाडीला धक्का मारून बघता येतं, एसटीला मारतात तसा. पण ऑटोमॅटिकला तेही चालत नाही, कारण चाकं आणि इंजिन यांच्यामध्ये थेट पक्की जोडणी नसते.

मग उरतं टोइंग, आणि इथे अपघात ओढून घेतले जातात. बंद इंजिनच्या गाडीत ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन पेडलनंतर संपते, पुढे ब्रेक दगडासारखा लागतो. पॉवर स्टीअरिंगही जड होतं. म्हणून मागच्या गाडीत बसणाऱ्याला हे आधी सांगा, स्टीअरिंग लॉक उघडं राहील अशी चावी ठेवा, हॅझर्ड दिवे लावा आणि अगदी हळू चला. दोर बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला बांधू नका. टूल किटमध्ये स्क्रूसारखा फिरवून बसवायचा टोइंग हुक असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो तिथे बसवायचा. ताणलेल्या दोराजवळ कोणी उभं राहू नये, तुटला तर तो चाबकासारखा येतो. ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडी दोराने ओढू नका, सरळ फ्लॅटबेड मागवा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंपही बंद असतो. इलेक्ट्रिकमध्ये चाकं फिरली की मोटर वीज बनवायला लागते आणि ती वीज कुठेतरी जायला बघते. एक्सप्रेसवेवर तर स्वतः ओढण्याचा विचारही करू नका. बॅरिअरच्या पलीकडे उभे राहा आणि हेल्पलाइनला फोन करा.

स्टार्टरने दुसरं काय केलं

१९१२ च्या आधी अमेरिकेतल्या शहरांत इलेक्ट्रिक गाड्या बऱ्याच चालायच्या. हँडल नको, धूर नको, आवाज नको. कंपन्या त्या खास बायकांसाठी म्हणून विकायच्या. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. केटरिंगच्या बॅटरीने पेट्रोलच्या गाडीची सगळ्यात मोठी कटकट संपवली, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या हातातला मोठा हुकमाचा पत्ता गेला. स्वस्त पेट्रोल आणि लांबचे रस्ते ही कारणंही होतीच. तरी मला यात गंमत वाटते, की बॅटरीवरच्या गाडीला मागे टाकायला पेट्रोलच्या गाडीने बॅटरीचीच मदत घेतली.

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि दोन वर्षांत जनरल मोटर्समध्ये आली. केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत तिथल्या संशोधनाचा प्रमुख होता. सगळंच जमलं असं नाही. १९२३ मध्ये पाण्याऐवजी तांब्याच्या पट्ट्या आणि हवेने थंड होणारं त्याचं शेव्हरोले इंजिन सपशेल आपटलं, गाड्या परत बोलावाव्या लागल्या आणि त्याने राजीनामा देऊ केला. कंपनीने तो घेतला नाही. पुढे त्याने आणि त्याचा मुलगा यूजीन याने रेल्वेसाठी दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनवर केलेलं काम मात्र फार यशस्वी ठरलं.

पण खरी जड गोष्ट शिशाची.

इंजिनमध्ये ‘नॉकिंग’ व्हायचं, म्हणजे आत ठोकल्यासारखा आवाज यायचा आणि ताकद वाया जायची. लोक दोष डेल्कोच्या बॅटरी-इग्निशनला द्यायचे, म्हणून केटरिंगने हा प्रश्न मनावर घेतला. दोष ठिणगीत नसून इंधनातच आहे, हे त्याच्या टीमने सिद्ध केलं. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीला सापडलं, की टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं संयुग अगदी थोडं घातलं तरी नॉकिंग थांबतं. शिसं विष आहे हे तेव्हाही जुनंच ज्ञान होतं. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होतं, हेही या प्रयोगशाळेला माहीत होतं. आपण आज पंपावर जे इथेनॉल-मिश्रित पेट्रोल भरतो, त्याची ही मागची ओळख. पण अल्कोहोल कोणालाही बनवता येत होतं आणि शिशाच्या धंद्यात पेटंटची मालकी होती.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये हे पेट्रोल विकायला लागले. नाव ठेवलं ‘एथिल’, त्यात शिशाचा उल्लेखच नाही. १९२४ मध्ये एथिल कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि तिचा अध्यक्ष झाला केटरिंग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले, झटके यायला लागले आणि पाच जण मेले. दुसऱ्या कारखान्यांतही माणसं गेली होती. १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली, सरकारी समिती बसली, आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक वर्षं शिशाच्या आरोग्यावरच्या परिणामांचं बरंचसं संशोधन उद्योगाच्याच पैशांवर चाललं, तेही सिनसिनाटी विद्यापीठात केटरिंगच्याच नावाने काढलेल्या प्रयोगशाळेत.

हे वाचून मला स्टार्टरवाला केटरिंग आठवतो. मोटर क्षणभर कुवतीबाहेर चालवली तर बिघडत नाही, कारण उष्णता निघून जायला वेळ मिळतो. शिसं शरीरातून तसं निघून जात नाही, ते हाडांत साठत राहतं. हा फरक कळण्याइतका तो नक्कीच हुशार होता, असं माझं मत आहे. शिशाच्या धुराने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो हे पुढे सिद्ध झालं. आणि शेवटी शिशाला पंपावरून हटवण्यात गाडीच्याच एका भागाने हात लावला: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, २००० पासून ते देशभर लागू झालं. जगात शेवटी थांबला अल्जीरिया, जुलै २०२१ मध्ये. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आल्यावर.

उतारवयात केटरिंगकडे पैसा आणि मान दोन्ही होते. नावावर १८६ पेटंट. १९४५ मध्ये जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन आणि तो मिळून न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची संस्था उभी करायला पुढे आले, तीच आजची स्लोन-केटरिंग. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह गेली. डेटनला लागून असलेल्या वस्तीने त्याचं नाव घेतलं. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये तो वारला. तेव्हा अमेरिकेतल्या गाड्या ६ व्होल्ट सोडून नुकत्याच १२ व्होल्टवर आल्या होत्या, आणि आपल्याकडे अ‍ॅम्बॅसॅडर नवी कोरी होती, डिकीत हँडल ठेवून विकली जाणारी.